फळ्यावरच्या टाळ्या

माझं अक्षर चांगलं, एवढंच माझं भांडवल. प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. फळ्यावर भरभर लिहायचे आणि शेवटच्या रांगेतल्यालाही ते वाचता यायचं. त्याच अक्षरानं मी एकदा माझ्या नवऱ्याचा घात केला. लोक म्हणतात, बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. लोकांना काय जातंय म्हणायला!

एकाहत्तरच्या लढाईनंतर हे तोफखान्यातून घरी आले ते कान तिकडंच ठेवून. बाकी गडी धडधाकट. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही म्हणून इतक्या मोठ्यानं बोलायचे की परक्याला वाटावं, भांडण जुंपलंय. मी स्वयंपाकघरात एक पाटी टांगली होती. 'आमटीत मीठ जास्त झालंय का?' हेसुद्धा मी लिहून विचारायचे, आणि हे सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगायचे, "व्हय, लय झालंय!"

आमचा ऊस कऱ्हाडजवळच्या एका साखर कारखान्याला जायचा, आणि हे तिथले सभासद. वर्षाच्या सर्वसाधारण सभेला ह्यांच्यासारखे कान गेलेले दहा-बारा जण तरी असायचे. काही तोफखान्यातले पेन्शनर, काही कारखान्याच्या घरघरीत जन्म काढलेले. शेजाऱ्यानं हात वर केला की हे सगळेही करायचे. नाहीतर मधेच उठून, मघाशी उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा विचारायचे. मग आरडाओरडा, मग सभा दिवस मावळला तरी संपायची नाही. मी ह्यांच्या शेजारी बसून पाटीवर लिहून देते हे सेक्रेटरींनी पाहिलं आणि पुढच्या वर्षी मला रीतसर बोलावणं आलं. कारखान्याला दया आली असं कुणी समजू नये. सभा वेळेत आटपायची होती, आणि 'ठराव आम्हाला कळलाच नाही' ही तक्रार नको होती. पण चांगलं झालं ते चांगलंच म्हणायचं.

व्यासपीठाशेजारी दोन फळे उभे करायचे. एक भरला की मी दुसऱ्याकडं वळायचे, तोवर शिपाई पहिला पुसून ठेवायचा. अहवाल आदल्या दिवशी घरी यायचा, म्हणजे आकडे आणि अवघड शब्द मी आधीच डोळ्यांखालून घालायचे. कोण बोलतंय ते आधी लिहायचं, मग काय बोलतंय ते. शब्दन् शब्द लिहायला गेलं की बोलणारा पुढं निघून जातो, म्हणून मतलब धरायचा. पण पदरचं काही घालायचं नाही, हा माझा नेम होता.

एक गोष्ट मात्र ह्यांनी शिकवली. पहिल्या सभेनंतर म्हणाले, "समदं झ्याक झालं मास्तरीणबाई. पर लोक हसलं की कंसात हशा लिव. न्हाईतर आमाला वाटतं, आमालाच हसत्यात." तेव्हापासून मी हशा, टाळ्या, गोंधळ, सगळं लिहायला लागले. मांडव हसला की पुढच्या रांगेतले आमचे लोक फळ्याकडं बघायचे, वाचायचे, आणि मग निवांत होऊन हसायचे. उशिरा, पण पोटभर. सांगलीच्या हळदीच्या एका पेढीनंही मग मला बोलावलं, कारण तिथल्या म्हाताऱ्या शेठजींचे कान गेले होते आणि भागीदारांच्या बैठकीत ते नुसते बसून राहायचे.

तिसऱ्या वर्षी ह्यांनी मनावर घेतलं. उसाच्या वजनकाट्यावर देखरेख करायला सभासदांतून एक माणूस निवडायचा होता. "काटा डोळ्यांनी बघायचा आस्तोय, कानांनी न्हाई," हे म्हणाले. "ह्या कामाला मी चालतोय!" लढाईवरून आल्यापासून आपण कशाला तरी चालतो असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं होतं. त्या दिवशी बूट पुसले ते तोंड दिसेपर्यंत.

सभेत एका मित्रानं नाव सुचवलं. मी ते फळ्यावर लिहिलं. हे वाचून ताठ उभे राहिले. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आवं, भैरा माणूस त्यो! मागनं टॅक्टर अंगावर आला तरी म्हणंल, या, बसा!"

सगळा मांडव खो खो हसला. व्यासपीठावरचेसुद्धा.

हसणारे लोक ह्यांच्या पाठीमागं बसलेले होते. मांडव हलला एवढंच त्यांना कळलं असावं, आणि ते माझ्या फळ्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत केवढी आशा होती! माझा खडू क्षणभरही अडला नाही, ह्याचंच मला वाईट वाटतं. मी चांगल्या ठळक अक्षरात लिहिलं, 'टाळ्या'.

ह्यांनी वाचलं. वळले. समोर सगळे चेहरे हसरे. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि सगळ्या मांडवाला नमस्कार केला.

लोक आणखी हसले. मग एकेक जण गप्प झाला. अध्यक्षांनी घाईघाईनं दुसऱ्या कुणाचं नाव पुकारलं, लोक 'मंजूर, मंजूर' म्हणाले, आणि तेही मलाच लिहावं लागलं. हे ते वाचून जरा वेळ उभेच राहिले, मग खाली बसले.

कऱ्हाडच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात ते कधी बोलले नव्हते. "हशा हुता न्हवं?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मग मी हात कुणाला जोडलं?"

पाटी माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही. काय लिहिणार होते, कपाळ?

पुढच्या वर्षी कारखान्याचं बोलावणं आलं तेव्हा मी नको म्हणत होते. हेच म्हणाले, "जा की. बाकीच्यांनी काय केलंय?" मी गेले, आणि ऐकलं ते सगळं लिहिलं, टोमणे आणि शिव्यासुद्धा. हे पुन्हा सभेला आले नाहीत. घरी पाटी वाचायचे, पण वाचून झालं की आधी माझ्या तोंडाकडं बघायचे.

चार वर्षांनी ते आजारी पडले. सांगलीच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता दोन महिने धरा. डॉक्टर म्हणाले, त्यांना सांगू नका. मी खाटेशी बसले आणि जसंच्या तसं पाटीवर लिहिलं.

त्यांनी ते सावकाश वाचलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्ये तरी खरं हाय न्हवं?"