आधी माझ्यावर

माझ्या मेहुण्याइतका स्वतःच्या देहाविषयी उदार माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये सापडायचा नाही. बायकोचा सख्खा भाऊ, त्यामुळे त्याला वेडा म्हणायची मला घरात सोय नाही. सोसायटीची टाकी धुतली की पहिला पेला तो पिणार. लिफ्ट दुरुस्त झाली की मेकॅनिकला बाजूला सारून पहिला तो चढणार. पूजेच्या शिऱ्याला वास येतोय अशी नुसती कुजबूज झाली, तरी वाटीभर शिरा खाऊन सगळ्यांसमोर खुर्ची टाकून बसणार. ‘आधी माझ्यावर होऊन जाऊ दे’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा पेस्ट कंट्रोलचं औषध त्याने हुंगून पाहिलं, तेव्हा त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनीने, त्याला आणि औषधवाल्याला एका दमात झापलं होतं.

त्यामुळे मलेरियाच्या लशीसाठी माणसं हवीत, लस टोचून मग मुद्दाम मलेरियाचे डास चावायला लावणार आहेत, हे कळताच स्वारी संशोधन केंद्रात हजर. धडधाकट माणसाला ठरवून आजारी पाडायचं, हे मला काही पटेना. त्याचं म्हणणं, डास एरवीही फुकट चावतातच ना, निदान हे चावणं कुणाच्या कामी तरी येईल. तिथे त्याचं वय आणि शुगर बघून त्याला परत पाठवलं. स्वारी फारच हिरमुसली.

आणि मग त्याच्या लेकीने आपलं नाव दिलं. मायक्रोबायोलॉजी शिकलेली, तब्येतीने ठणठणीत. तिची निवडही झाली. वाट लागली! निरोगी पोरीला ताप आणायचा ही कसली डॉक्टरकी, असं आता तोच मला विचारू लागला. शेवटी तो लेकीबरोबर केंद्रात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, की रोज रक्त तपासतात, औषध हाताशी असतं, आणि तिला वाटेल तेव्हा ती माघार घेऊ शकते. बापाने नाही म्हटलं तर, असं त्याने विचारलं. शरीर तिचं, होकारही तिचाच, असं त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर लेकीने विचारलं, “बाबा, तुम्हाला घेतलं असतं तर गेलाच असता ना?”

“मला काही झालं तर चालतं गं. तुला झालं तर मी काय करू?”

“आईला तुमच्याबद्दल हेच वाटत असेल ना?”

वहिनी तिथेच भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. मेहुणा तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

लेक ठरल्या दिवशी केंद्रात दाखल झाली. ताप चढला तेव्हा तिने घरी फोन केला, औषध सुरू झालंय म्हणाली. मेहुण्याने ‘बरं’ म्हटलं, फोन वहिनीच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.