नऊ फोटोंमधले बाबा

नागपूरच्या चारी बाजूंना लेआउट पडताहेत आणि प्लॉट विकणाऱ्या प्रत्येकाला आपली जमीन आभाळातून बघायची हौस आहे. मी ड्रोन उडवतो, फोटो काढतो आणि घरी येऊन वाळलेलं गवत हिरवं करतो. या धंद्यात पुण्य नाही, पण सॉफ्टवेअर चांगलं लागतं. त्याबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि कोणी विचारलं नाही तरी मी ती ऐकवतो.

मोठं दृश्य एका फोटोत मावत नाही. म्हणून ड्रोन हवेत एका जागी थांबून, थोडं थोडं वळत, एकच जागा तीन-चार फोटोंत येईल असे नऊ फोटो काढतो आणि मग ते शिवून एक करायचे असतात. माझ्याकडचं फुकटचं सॉफ्टवेअर हे काम दोन मिनिटांत करतं, आणि फोटो निघत असताना जे जे हललं असेल ते पुसून टाकतं. गाय, कुत्रं, मोटरसायकल, सगळं साफ. प्लॉटवाल्यांना तेच हवं असतं. दुसरं आहे ते महिन्याच्या भाड्याचं. त्याचे रंग सुरेख, सावलीतलंही छान उघडून दाखवतं, पण हललेली गोष्ट जिथे जिथे दिसली तिथे तिथे ठेवतं. एका गाईच्या तीन गाई होतात. तिसरं जुनं, कॉम्प्युटरवरचं. त्यात आपोआप काही होत नाही. फोटोवर फोटो ठेवायचा आणि नको तो भाग माउसने झाकत बसायचं. मान धरते. मी त्याला शिव्या घालतो आणि अडलं की त्याच्याकडेच जातो.

गेल्या हिवाळ्यात आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. घराजवळच्या मोकळ्या प्लॉटवर मंडप टाकला, सगळे नातेवाईक बोलावले. आदल्या दिवशी आई मला एकटं गाठून म्हणाली, "लग्नातला सोडला तर आमचा दोघायचा एक फोटो नाही. यायले एकदा माह्या बाजूले बसव."

तिचं म्हणणं खरं होतं. बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, पण बसणं त्यांना कधी जमलंच नाही. लग्न कोणाचंही असो, वरणाची बादली बाबांच्या हातात. अल्बम चाळले तर ते एक तर पाठमोरे, नाही तर फोटोच्या काठावर अर्धे कापलेले. मी आईला छातीठोकपणे सांगितलं, या वेळी काढतोच.

जेवणाआधी ऐंशी माणसं खुर्च्यांवर आणि सतरंज्यांवर दाटीवाटीने बसवली. मधोमध आई, तिच्या शेजारी बाबा. मी ओरडून सांगितलं की एक मिनिट कोणी हलायचं नाही. ड्रोन समोर दोन माणसांच्या उंचीवर थांबला आणि हळूहळू वळायला लागला. माझं लक्ष स्क्रीनवर. मिनिटाने मान वर केली तर आईच्या शेजारची खुर्ची रिकामी.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो शिवायला बसलो. फुकटच्या सॉफ्टवेअरने बाबांना पार पुसून टाकलं. ऐंशी माणसं हसताहेत आणि मधोमध आई रिकाम्या खुर्चीशेजारी. मला तो फोटो बघवेना. भाड्याच्या सॉफ्टवेअरने तीन बाबा दिले. एक खुर्चीत अर्धे, एक मावशीसाठी डोक्यावर खुर्ची घेऊन येताना आणि एक भाताच्या गंजावर झाकण ठेवताना. घरात हसून हसून पुरेवाट झाली. मीही खूश होतो. बाबांचा खरा फोटो हाच, असं मी दोन-तीनदा बोलूनही दाखवलं.

आई हसली नाही. तिने फोटो नीट पाहिला आणि म्हणाली, "हे तर मी रोजच पाहून राहिली. बसलेले नाही भेटत काय कुठं?"

माझा शहाणपणा तिथेच उतरला. मी जुनं सॉफ्टवेअर उघडलं आणि नऊच्या नऊ फोटो सुटे करून पाहिले. दुसऱ्या फोटोत बाबा बसलेले होते. पूर्ण बसलेले, नजर समोर, हात गुडघ्यांवर. फोटो मोठा केला तेव्हा दिसलं की आईने त्यांच्या कुडत्याचं टोक मुठीत धरलं होतं. चेहरा कॅमेऱ्याकडे, अगदी साळसूद, आणि खाली मूठ घट्ट. ती त्यांना धरून बसली होती आणि तरी ते उठले होते, याचा मला थोडा राग आला.

दुपारभर खपून मी ते दोघं मोठ्या फोटोत बसवले. त्या मुठीभोवती तर माउस इतका हळू फिरवला की हाताला मुंग्या आल्या. आईला दाखवलं.

"हा हात काढून टाक," ती म्हणाली.

"काहून?"

"लोक काय म्हणतीन? म्हातारपणी नवऱ्याले धरून बसली."

मी वाद घातला. फोटोतली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे, म्हटलं.

"चांगली असन. पण माही आहे ना."

पाचव्या फोटोत बाबा नव्हते, पण आईचे दोन्ही हात मांडीवर होते. मी बाबा दुसऱ्या फोटोतून घेतले आणि आई पाचव्यातून. काम सफाईदार झालं. फक्त कुडत्याचं टोक तिच्या दिशेने ताणलेलं राहिलं. तेही सरळ करता आलं असतं. मी दोनदा माउस तिथपर्यंत नेला आणि राहू दिलं.

फोटो फ्रेम करून समोरच्या खोलीत लावला. संध्याकाळी आई खाली बसून मेथी निवडत होती. बाबा चष्मा लावून फोटोसमोर उभे राहिले. त्यांनी सगळे चेहरे ओळखून काढले, कोण जेवून गेलं नाही तेही सांगितलं. मग त्यांचं बोट कुडत्याच्या त्या टोकावर येऊन थांबलं.

"इथं तुहा हात होता नं वं. कुठं गेला?"

आई मेथीची पानं खुडत राहिली. मी सांगितलं की तिनेच काढायला लावला.

बाबांनी फ्रेम खिळ्यावरून उतरवली आणि माझ्या हातात दिली. "हा नको गा. हातवाला लाव."

मी आईकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

"लाव मंग," ती म्हणाली.