बांधणाऱ्यानंच सोडायची पट्टी

माझे वडील हाडं बसवायचे. नेकनूरच्या आसपास कुणाचा हात मोडला, कुणाचा खांदा निखळला, की माणूस आधी आमच्या अंगणात यायचा आणि मग जमलं तर दवाखान्यात. आम्ही वडिलांना आण्णा म्हणायचो. बांबूच्या कामट्या, कापूस आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या एवढंच त्यांचं सामान. शिवाय आजोबांपासून चालत आलेला एक नियम होता: ज्यानं पट्टी बांधली, त्यानंच ती सोडायची. दुसऱ्याचा हात लागला तर हाड रुसतं म्हणे. रुसलेलं हाड काय करतं याची मला लहानपणी फार भीती वाटायची. त्याहून जास्त भीती आण्णांची.

बारावीनंतर मी हट्टानं नर्सिंगला गेले. पहिल्याच महिन्यात बाईंनी सांगाडा पुढ्यात उभा केला. माणूस सरळ उभा, तळवे पुढं, असं धरूनच सगळ्या बाजू सांगायच्या. धडाजवळचं टोक प्रॉक्सिमल, लांबचं डिस्टल. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं, अंगठ्याकडचं रेडियस, करंगळीकडचं अल्ना. हे मी पाढ्यांसारखं घोकलं. एक गोष्ट मात्र घोकावी लागली नाही, कारण ती ऐकून मी चरकलेच. हाड जिवंत असतं. बाहेर टणक थर, आत जाळी, पोकळीत मज्जा आणि वरून पातळ आवरण, त्यातून रक्त हाडात शिरतं. तोवर मी हाडं पाहिली होती ती माळावर मरून पडलेल्या जनावरांची, पांढरी, कोरडी ठणठणीत. आण्णांनीही तीच पाहिली होती. ते म्हणायचे, "हाड म्हंजी लाकूड. घट आवळलं की जुळतंय."

त्या वर्षी दुष्काळ होता. दूध सोसायटीनं पालीजवळ जनावरांची छावणी उघडली होती आणि आण्णा आमच्या दोन म्हशी घेऊन तिथंच राहायचे, आठवड्यातून एकदा घरी यायचे. गावात टँकर विहिरीत पाणी ओतायचा आणि बाया काठावर तुटून पडायच्या. त्या रेटारेटीत आई उजव्या हातावर पडली. त्या सकाळी नेमके आण्णा घरी होते. त्यांनी हात ओढून हाड बसवलं, कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत पट्टी आवळली आणि दुपारच्या एसटीनं छावणीत गेले.

त्याच संध्याकाळी मी सुट्टीवर घरी पोचले. आई दारात बसली होती. पट्टीतून बाहेर आलेली तिची बोटं सुजून वांग्यासारखी दिसत होती, आणि हात लावला तर गार. मी तिच्या मधल्या बोटाचं नख दाबून सोडलं. ते लगेच गुलाबी व्हायला हवं होतं. मी वाट पाहत राहिले, ते पांढरंच.

"लई ठणकतंय," आई म्हणाली, "पर मोडल्यावर ठणकणारच की."

पुस्तकातलं पान डोळ्यांसमोर आलं. पट्टीच्या आत सूज चढते, रक्त अडतं, स्नायू मरतात, आणि त्याला दिवस नाही, तास लागतात. मी कात्री आणली. आईनं हात मागं घेतला. "तुज्या आण्णानी बांधलीय, तेच सोडतील. कावून उगं घरात भांडण लावतीस?"

मी कात्री परत फळीवर ठेवली. हाड सरकलं तर? मला तरी काय कळतंय, पहिलंच वर्ष. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्यामागचं कारण एकच होतं, मी बापाला भ्याले.

सकाळी आईला बोटं हलवताच येईनात. मी तिला बीडच्या एसटीत बसवलं आणि वाटेत पालीला उतरवलं, कारण पट्टी सोडायला तिला फक्त आण्णा चालणार होते. छावणीत ते चार जणांबरोबर कारखान्याकडून चाऱ्याला आलेलं उसाचं वाढं तोडत होते.

"आण्णा, पट्टी सोडा."

"कावून?"

"बोटांत रक्त जात न्हाई."

"शिकाया जाऊन वरीस झालं न्हाई, अन् बापाला शिकवाया आलीस?" बाकीचे हसले.

मी त्यांचा हात धरला आणि अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं झालेलं नख क्षणात गुलाबी झालं. मग आईचं दाबलं. ते पांढरंच राहिलं. मी तिचं बोट जरासं सरळ केलं, तर बाळंतपणात तोंड न उघडलेली माझी आई किंचाळली. आण्णांनी गाठ सोडायच्या भानगडीत न पडता हातातल्या विळ्यानंच पट्टी कापली.

बीडच्या दवाखान्यात आईचा हात चिरून आतला दाब मोकळा केला. डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण दोन बोटं वाकडीच राहतील.

"कवा आणाया पायजे व्हतं?" आण्णांनी विचारलं.

"काल संध्याकाळी आणलं असतं तर बोटंही वाचली असती."

आण्णा भिंतीला टेकून खाली बसले. "काल सांजच्याला म्या छावणीत व्हतो," ते स्वतःशीच म्हणाले. "घरात कुनाला काय कळणार?" आईनं माझ्याकडं पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली. मी काल संध्याकाळीच घरी आले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

घरी आल्यावर आण्णांनी कामट्या चुलीत घातल्या. पुढं कुणी मोडका हात घेऊन आलं की ते दवाखान्यात पाठवायचे आणि वर सांगायचे, "माज्या पोरीनं तिच्या आईचा हात वाचवला." लग्नात, बाजारात, एसटीत, जिथं कुणी ऐकून घेईल तिथं. दर वेळी मला वाटायचं, आता आई बोलेल. ती कधीच बोलली नाही.

शेवटच्या आजारात आण्णा, मी नोकरी करत होते त्याच दवाखान्यात होते. सलाईन लावायला आलेल्या नव्या पोरीलाही त्यांनी तेच सांगितलं, माझ्याकडं बोट दाखवून. मी खाटेच्या पायाशी उभी होते. आई शेजारी बसून तीन बोटांनी त्यांना पाणी पाजत होती. आता ते रागावणार नव्हते, उठूनही बसू शकत नव्हते. तरी त्या संध्याकाळी कात्री मी फळीवर परत ठेवली होती, एवढं त्यांना सांगायला मला भीतीच वाटली.