पाडव्यापर्यंत नंदाचे हात

रांगोळी काढताना बायकांचे हात गुंतलेले असतात आणि तोंडं मोकळी. त्यामुळे डोंबिवलीतल्या आमच्या ग्रुपकडे किस्से ढिगाने जमलेत. पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी चौकात बसून बसून गुडघे जातात, पण गप्पा थांबत नाहीत. त्यातले निम्मे किस्से नंदाचे. पूर्वी ते सांगताना मी पोट धरून हसायचे. आता सांगते, हसतेही, पण मध्येच फार वाईट वाटतं.

*

नंदाची रेघ दोरी न लावता सरळ यायची. एकदा तिच्या सोसायटीचे सेक्रेटरी बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, पार्किंगच्या लाइनी पण तुम्हीच मारून द्या ना. आमचा पेंटर वाकड्या मारतो."

नंदा मान वर न करता म्हणाली, "देते की. फक्त वारा सुटला की तुमची गाडी बी विंगमध्ये जाईल!"

*

मग एका रक्तदान शिबिरानंतर तिला फोन आला. रक्तात हिपॅटायटिस बी सापडला होता. ठाण्याच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू केली, आठवड्याला एक, जवळजवळ वर्षभर. नंदाने आम्हाला समजावलं, "हे औषध अंगातल्या पोलिसांना उठवतं गं. मग ते व्हायरसला पकडतात."

सुलभाताई आमच्यात सगळ्यांत मोठ्या, निवृत्त शिक्षिका. त्या म्हणाल्या, "पोलीस उठले की आधी साध्या माणसालाच अडवतात, लक्षात ठेव."

आम्ही खूप हसलो. काही महिन्यांत नंदाच्या तळहातांवर लाल चट्टे उठले, पापुद्रे सुटायला लागले, बोटांना भेगा पडल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, सोरायसिस. इंजेक्शनने जागी झालेली प्रतिकारशक्ती तिच्याच कातडीवर उलटली होती. ताईंनी तो विनोद पुन्हा कधी केला नाही.

*

डॉक्टरांनी डांबराचं मलम दिलं. त्याला वास म्हणजे अगदी डांबराचाच. आमची पिंकी, नुकतीच नोकरीला लागलेली, प्रॅक्टिसला आली आणि नाक वाकडं करून म्हणाली, "अरे यार, इथे कुठे रोड बनतोय का?"

मागून नंदा म्हणाली, "हो, माझ्या हातावर. आधी खड्डे पडलेले ना, आता डांबर टाकतायत."

पिंकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंदानेच तिला चहा पाजला. पण त्या दिवशी तिला चिमूट धरता आली नाही. रंग भेगांत शिरून झोंबायचा, आणि हातमोजा घातला की रांगोळी किती सुटतेय ते कळायचं नाही. ती नुसती डबे भरून देत बसली.

*

लिव्हरचे डॉक्टर म्हणायचे, रिपोर्ट सुधारतोय, कोर्स अर्धवट सोडू नका. त्वचेचे डॉक्टर म्हणायचे, फारच वाढलं तर इंजेक्शनचं आम्ही दोघं बोलून ठरवू, तुम्ही मनाने काही बंद करू नका.

"लिव्हरचा वकील वेगळा, हाताचा वकील वेगळा," नंदा म्हणाली. "आणि तारखांना मी एकटी जाते."

"मग तू कुणाच्या बाजूची?" ताईंनी विचारलं.

"लिव्हर दिसत नाही ना ताई. हात दिसतात."

*

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. नंदाच्याच बिल्डिंगमधल्या वहिनींकडे आम्ही सगळ्या गेलो. वहिनींनी ओळीने प्रत्येकीला कुंकू लावलं. नंदासमोर आल्यावर त्यांनी करंडाच पुढे केला. "तुमचं तुम्हीच लावून घ्या हं."

नंदाने लावलं आणि हसून म्हणाली, "वहिनी, हे लागत नाही हो कुणाला. लागत असतं तर आधी नवऱ्याला दिलं असतं."

बायका हसल्या. वहिनीही हसल्या, पण तिचं वाण त्यांनी टेबलावर ठेवलं, हातात दिलं नाही. परतताना जिन्यात नंदाने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. मला ते अजून खुपतं.

*

पाडवा जवळ आला आणि नंदाचे हात निवळायला लागले. चट्टे फिके पडले, भेगा भरल्या. लगेच श्रेय घ्यायला मारामारी. ताई म्हणाल्या, "माझं कडुनिंबाचं तेल." पिंकी म्हणाली, "काहीही काय, मी दिलेली क्रीम." मी आईच्या कोकमतेलाचं घोडं पुढे दामटलं.

नंदा शांतपणे म्हणाली, "सगळ्यांचाच गुण आला."

त्या वर्षी चौकातली मधली रांगोळी तिने एकटीने काढली. इतकी सुंदर तिलाही आधी कधी जमली नव्हती. ढोलपथकसुद्धा बाजूने वळून गेलं. त्याच वहिनींनी तिचे दोन्ही हात हातात घेऊन फोटो काढला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

*

यात्रा संपल्यावर सगळ्या नंदाकडे जेवायला गेलो. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. नंदा ओट्याशी पुऱ्या तळत होती. उरलेलं श्रीखंड ठेवायला ताईंनी फ्रिज उघडला आणि तशाच उभ्या राहिल्या. मी मागून डोकावले. दारातल्या कप्प्यात इंजेक्शनची खोकी रचून ठेवलेली. सगळी सीलबंद. मी खोकी मोजली, आठवडे मोजले. हळदीकुंकवानंतरचं एकही तिने घेतलेलं नव्हतं.

"नंदा," ताई म्हणाल्या, "डॉक्टरांना माहितीये हे?"

नंदाने कढईतली पुरी उलटली.

"ताई, दार लावा ना," ती म्हणाली. "श्रीखंड आंबेल."