ताणलेल्या दोरीला पोट

शेतातला तास, म्हणजे पिकाची ओळ, सरळ आहे की नाही हे पाहायचं तर धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, उकिडवं बसायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं नजर सोडायची. शाळेत मी फार टिकलो नाही, पण ही विद्या मला कोणी न शिकवताच आली. नांदगाव खंडेश्वराकडच्या आमच्या शिवारात कोणाची कपाशी टोबायची, एकेक बी मातीत खोचायची असली की दोरी लावायला मलाच बोलावत.

गेल्या पावसाळ्यात पोराच्या कपाशीची पऱ्हाटी वीतभर झाली तेव्हा मी असाच बसलो. पाहतो तर तासाला मधोमध पोट निघालेलं.

"काहून रे, तास टोबला का साप सोडला?"

"बाबा, दोरी लावून टोबलं."

"मंग दोरी ढिली असन."

तो तणतणत खुंट्या घेऊन आला आणि दोरी पुन्हा ताणली, इतकी की बोटानं छेडली तर वाजेल. मी डोळा लावला. दोरीलाही पोट.

ताणलेल्या दोरीला पोट येत नसतं. मी मिटलेला डोळा उघडला, दोरी सरळ झाली. पुन्हा मिटला, पुन्हा पोट.

"आता बोला," पोरगा म्हणाला.

"ठीक हाय," मी म्हटलं आणि घरी निघालो. वाटेतला विजेचा प्रत्येक खांब एकेका डोळ्यानं पाहत आलो. उजव्यानं पाहिला की खांब कमरेत वाकायचा.

घरी आल्यावर दाराच्या चौकटीसमोर उभा राहिलो. सुनेनं पाहिलं. ती शिकलेली आहे, अमरावतीला कॉलेज केलेलं. मी तिला आडून विचारलं, सरळ वस्तू माणसाला वाकडी दिसते का कधी? तिनं मोबाइलवर एक चित्र काढलं. काळ्यापांढऱ्या विटांची भिंत, आणि विटांमधल्या आडव्या रेषा एक इकडे कललेली, एक तिकडे.

"मामाजी, ह्या रेषा सरळ हायेत."

"तुया मोबाइल खोटा हाय."

तिनं पट्टी आणून रेषेला लावली. रेषा सरळ होती. पट्टी काढली की पुन्हा कलली. ती म्हणाली, डोळा फक्त उजेड आत घेतो, पाहायचं काम मेंदूचं. तो घाईत अंदाज बांधतो आणि कधीकधी फसतो.

"सगळ्याइले असंच दिसते?"

"सगळ्याइले."

त्या दिवशी पोटभर जेवलो. सगळं जग फसतं, तिथं मी एकटा कसा सुटीन?

पण मन काही जागेवर बसेना. सकाळी सुनेकडून मोबाइल मागितला आणि तेच चित्र एकेका डोळ्यानं पाहिलं. उजव्यानं तिरपं, डाव्यानंही तिरपं. मग चौकट पाहिली. डाव्यानं सरळ, उजव्यानं वाकडी. म्हणजे चित्र सगळ्यांना फसवतं, चौकट मात्र एकट्या मलाच फसवत होती. आणि दोन्ही डोळे उघडले की कुठं काही बिघडल्याची खूणच राहत नव्हती. डावा उजव्याचं झाकत होता. मेंदूनं ठिगळ लावलं आणि मला विचारलंही नाही.

मग तो छंदच जडला. जेवताना, ओट्यावर बसल्यावर, माणसं बोलत असताना मी एक डोळा मिटायचो. शेवटी स्वयंपाक करता करता बायको भडकली.

"अवो, सुनेसमोर डोळा मारून राहिले तुमी! शेजारीण बी विचारत होती, मामाले झालं काय म्हणून."

"मारीन. तू माही बायको हाय."

"मंग मारताना तोंड असं मयतात आल्यावाणी काहून करता?"

त्या वेळीही डावा डोळा मिटलेलाच होता. तिचे कान दिसत होते, कानातलं दिसत होतं, पिकले केस दिसत होते. मधोमध चेहरा नव्हता. चुलीच्या धुरासारखा नुसता डाग.

"तू दिसत नाही," मी म्हटलं.

तिनं गॅस बंद केला. "अन् दुसऱ्या डोळ्यानं?"

"दिसते."

"मंग त्या दुसऱ्याच्या भरवशावर बसून राहिले का इतके दिवस?"

अमरावती जवळ होती, पण तिथल्या दवाखान्यात दर बाकावर कोणीतरी ओळखीचं निघतं. मी अकोल्याचा हट्ट धरला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चौकड्या आखलेला कागद दिला, मधे एक ठिपका. उजव्यानं पाहिलं तर ठिपका गायब आणि चौकड्या पाण्यात पडल्यासारख्या. त्या म्हणाल्या, डोळ्याच्या मागच्या पडद्याला मधोमध सूज आहे. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. रेषा थोड्या सरळ होतील, पण गेलेलं सगळं परत येईल असं सांगत नाही.

"अन् उद्या डावा बी बिघडला तं मले कसं कळन?"

"रोज एकेक डोळा झाकून हा कागद पाहायचा. दोन्ही उघडे ठेवाल तर मेंदू लपवून ठेवील."

"मंग सुई आजच द्या."

बायको हळूच म्हणाली, "उद्या येऊ ना. घाबरले तुमी."

"घाबरलो म्हणूनच आज."

नर्सनं थेंब टाकले आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. समोरच्या खिडकीचे गज उजेडात विरघळायला लागले. मी डावा डोळा झाकला, मग उजवा, मग पुन्हा डावा. बायकोनं माझा हात धरून खाली ओढला आणि मांडीवर दाबून ठेवला.

"बस करा आता. डॉक्टरीणबाईले पाहू द्या."