माझ्या नावावरचं टेबल

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. आधी तिलाच सांगायला हवं, हे कळतं मला — मग तुम्हाला का सांगतोय? कारण तुम्ही त्या टेबलावर कधी जेवलेला नाहीत.

पुण्याजवळ सूसला फ्लॅट घेतला आणि माझ्या डोक्यात सुतारकामाचं खूळ शिरलं. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या माणसाला असलं काहीतरी होतंच. पण मी आधी मशीनं आणली आणि मग लाकूड बघायला गेलो! कटर, ड्रिल, रंधा मशीन, घासायचं मशीन — बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. व्हिडिओतला माणूस एकदा रंधा फिरवतो की फळी सपाट. माझ्या फळीला मधे खड्डा. का? ते मला आजही कळलेलं नाही.

बायको मुलीला घेऊन सुट्टीत माहेरी सोलापूरला गेली, तेव्हा मी जेवणाचं टेबल करायला घेतलं. ते डुलायला लागलं. एक पाय कापला, मग दुसरा, मग परत पहिला. शेवटी टेबलाचा चौरंग झाला, तरी मी म्हणतोय, फरशीच वाकडी आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय? हसा खुशाल, पण सांगायचंय ते हे नाही.

सगळं सागवान टेम्पोत घालून पौडला बबनमिस्त्रींकडे नेलं. स्टँडमागे त्यांची पत्र्याची शेड. त्यांनी तो कापलेला पाय उलटसुलट करून बघितला. "सायेब, मशीनीला काय कळतंय? लाकूड कुटं वाकतंय, ते आदी बगावं लागतंय." आठ दिवसांत त्यांनी टेबल दिलं. नवे पाय, एक खिळा नाही, सांधा बोटाला लागत नाही.

बायको परत आली. "तू केलंस?" मी होकारार्थी मान हलवली. तेवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायला तरी कशाला बसलो असतो?

पण शेजारी बघून गेले, ग्रुपवर फोटो फिरले, आणि वासरांत लंगडी गाय शहाणी तसा मी सोसायटीचा लाकडातला जाणकार झालो. मलाही ते आवडलं — का खोटं बोलू आता? मग क्लबहाऊसमधल्या वाचनालयाची कपाटं करायची ठरली. काम मागायला आलेल्यांत बबनमिस्त्री होते. नमुन्याला दाराचा एक खण करून आणला होता त्यांनी. गेटपाशी मी दिसलो तर चेहरा उजळला त्यांचा. "तयार फर्निचर आल्यापासून हाताला काम न्हाई, सायेब. ह्ये चार म्हयन्यांचं काम घावलं तर शेड टिकंल. तुमी हायेत म्हणल्यावर मला घोर न्हाई."

घोर मला लागला. चार महिने हा माणूस खाली काम करणार. एक दिवस पाणी प्यायला वर येणार, टेबल बघणार आणि भोळेपणानं बोलून जाणार — हे मीच केलेलं! मग माझं काय?

कमिटीची बैठक आमच्याच घरी झाली. सगळ्यांनी तो खण माझ्यापुढे ठेवला. इतका नेटका खण मी आयुष्यात बघितला नव्हता. मी तो दोनदा उघडला, मिटला आणि म्हणालो, "कामात सफाई नाही."

कुणी एक प्रश्न विचारला नाही. जाणकार ना मी! माझा हात त्या वेळी त्यांच्याच टेबलावर होता.

काम दुसऱ्याला गेलं. आता पावसाळ्यात त्या कपाटांची दारं मिटत नाहीत, आणि लोक येऊन मलाच विचारतात, असं का होतं हो? डोकं फिरतं माझं. लोकांवर नाही, माझ्यावरच.

गेल्या महिन्यात बबनमिस्त्रींचा फोन आला. "शेड बंद करतोय, सायेब. कमिटीला माजं काम न्हाई पटलं, आसू द्या. रंधा मशीन तेवडं भंगारात घालाया जीव हुईना. तुमाला लाकडाची आवड हाय, तुमीच न्या."

मी गेलो. त्यांनी मशीन पुसून, वायर गुंडाळून तयार ठेवलं होतं. "पात्यांना कालच धार लावलीया," ते म्हणाले. "लई लागतीया. बोटं जपा."

मी हो म्हणालो आणि मशीन घेऊन घरी आलो.