दाजींचं विवर, माझी डाळ

दाजी गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं दिली. सास्तूरच्या आमच्या शाळेपुढं गाडी थांबवून त्यानं उमरग्याहून आणलेली चिठ्ठी हातात ठेवली. आक्काचं अक्षर, दोनच वाक्यं. "दाजी पहाटे गेले. निघून ये." मी चौथीचा वर्ग शेजारच्या बाईंच्या हवाली केला आणि त्याच गाडीच्या परतीच्या फेरीनं निघाले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उमरग्याच्या एका दवाखान्यात ते एक्स-रे काढायचे. हाडं मोडलेले ट्रकड्रायव्हर, बैलानं मारलेले शेतकरी, सगळे त्यांच्या यंत्राखालून गेलेले. पण दवाखान्यातून घरी आले की हा माणूस अंगणात दुर्बीण मांडून चंद्राचे, गुरूचे, शनीचे फोटो काढायचा. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं, आणि गावानं त्यांना एक नावही दिलं होतं... डागवाले साहेब.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे दाजींच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, माणसं खूप आली. त्रिसरण-पंचशील झालं, मग बोलणी सुरू झाली. तालुक्याच्या शेतकरी सोसायटीचे जुने चेअरमन उठले. माणूस मनानं चांगला, पण माइक हातात आला की भान राहत नाही. म्हणाले, "आमच्या साहेबांनी एकदा चंद्रावर नवं विवर शोधलं हुतं बगा. अन् निघालं काय? पाण्याचा डाग!" सगळे हसले. आक्कासुद्धा रडता रडता हसली. माझ्या अंगाची मात्र आग आग झाली. त्या डागापायी दाजींनी सोळा वर्षं हसं करून घेतलं, आणि तो डाग त्यांचा नव्हताच. तो माझा होता. त्या मांडवात उठून सांगायची हिंमत मला झाली नाही, म्हणून आता लिहिते आहे. माझ्या माणसाचं नाव खराब झालंय आणि ते मी केलंय, एवढं साधं आहे हे.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावची विहीर आटली, तेव्हा मास्तरकीचा कोर्स करायचं निमित्त करून मी आक्काकडं राहायला आले. दाजींची दुर्बीण तोवर तयार झाली होती. तिचा आरसा त्यांनी स्वतः घासला होता, ट्रकच्या गॅरेजातून आणलेल्या व्हॉल्व घासायच्या पेस्टनं, पाच महिने, रिकाम्या ड्रमभोवती फिरत फिरत. शेजारणी आक्काला विचारायच्या, "साहेबांना काय लागिर झालंय का गं?" नळी पत्र्याची, लोहाराकडून वळवून घेतलेली. बॉक्स कॅमेऱ्याचं भिंग काढून तो कॅमेरा दुर्बिणीत डोळा लावायच्या जागी बसवलेला. आत एक्स-रे फिल्मच्या कापून उरलेल्या पट्ट्या, त्याही डॉक्टरांना विचारून घेतलेल्या. काळा पुठ्ठा नळीच्या तोंडावर धरायचा, चटकन बाजूला करायचा, पुन्हा धरायचा... झाला फोटो. गुरू यायचा ज्वारीच्या दाण्याएवढा, शनी तर त्याहून बारीक. पण अष्टमीच्या आसपासचा चंद्र असा काही यायचा की बघत राहावं. पौर्णिमेचा फोटो ते काढतच नसत. वैशाख पौर्णिमेला वस्तीतले लोक हटून बसायचे, साहेब आजचा काढा, आजचा काढा. दाजी म्हणायचे, "आज उजेड समोरून पडतोय, सावली न्हाय. सावलीबिगर खड्डा दिसत न्हाय." लोक नाराज होऊन जायचे. नको तिथं ते कुणाचं मन राखत नसत.

कामात तर विचारू नका. पंचशील रोज सकाळी म्हणायचे, आणि त्यातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, त्यांनी फिल्मलासुद्धा लावलं होतं. फोटो हलला तर हलला म्हणायचं. शनीची कडी दिसली नाही तर दिसली म्हणायचं नाही. एकदा मी उगाच "दिसली, दिसली" म्हणाले तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत! मी पण हट्टी. मी पण बोलले नाही. शेवटी आक्कानं दोघांना एका ताटात वाढलं.

फिल्म धुणं हे माझं काम होतं. दवाखान्यातलं टँकरचं पाणी मोजून मिळायचं, म्हणून दाजी फिल्म तिथं डेव्हलप करून ओलीच घरी आणायचे. मग ती आमच्या वस्तीतल्या विहिरीच्या पाण्यात सात-आठ वेळा खळबळायची. त्या विहिरीचं पाणी मचूळ. हंडा वाळला की आतून पांढरा पडायचा. म्हणून सगळ्यात शेवटी फिल्म बुडवायची ती बॅटरीच्या पाण्यात. हे पाणी गॅरेजवाले ट्रकच्या बॅटरीत घालतात, अगदी निर्मळ असतं, त्यात क्षार म्हणून नाही. दाजी महिन्याला एक बाटली आणायचे आणि फडताळात ठेवायचे. पाण्याच्या त्या वर्षात ती बाटली म्हणजे घरातलं सोनं.

आणि नेमकी मला बघायला सास्तूरची मंडळी येणार म्हणून निरोप आला. टँकर दोन दिवस आला नव्हता. आक्का दुष्काळी कामावर हजेरी मांडायला गेलेली, स्वयंपाक माझ्या एकटीवर. चुलीवर तुरीची डाळ ठेवली. तास झाला, दीड तास झाला, डाळ आपली दगडासारखी. मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही, हे ज्यानं असं पाणी प्यायलंय त्याला सांगायला नको. पाहुणे फाट्यावर उतरल्याचं शेजारीण सांगून गेली. मी फडताळ उघडलं, दाजींची बाटली काढली आणि अख्खी डाळीत ओतली. घटकाभरात डाळ लोण्यासारखी झाली! तासाभरापूर्वी दाजी फिल्म ठेवून परत ड्यूटीवर गेले होते. ती मी विहिरीच्याच पाण्यात खळबळून दोरीवर टांगली. पाहुणे जेवले. मुलगा दोनदा वरण मागून बसला. होणारे सासरे मिशीवर हात फिरवत म्हणाले, "पोरीच्या हाताला चव हाय." रात्री दाजीही जेवले आणि म्हणाले, "आज डाळ लई मऊ झालीय की." मी मान खाली घातली. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

फिल्म वाळली. गावातल्या स्टुडिओत दाजींनी तिचा मोठा फोटो करून घेतला. चंद्रावरच्या काळ्या सपाट मैदानात एक पांढरं गोल कडं, आत बारीकशी खळी. नकाशात तसं विवर नव्हतं. दाजी चार दिवस झोपले नाहीत. तरी म्हणत होते, पुन्हा महिन्यानं अशीच सावली येईल, तेव्हा परत फोटो काढू, मग बोलू. पण पाय मुरगळला म्हणून चेअरमन दवाखान्यात आले आणि टेबलावरचा फोटो त्यांनी पाहिला. झालं! सोसायटीची सर्वसाधारण सभा आठ दिवसांवर होती. त्या वर्षी सभेत सांगण्यासारखं चांगलं काय होतं? चाऱ्याचं रडगाणं नि पाण्याचं रडगाणं. चेअरमननी ठरावच घातला, चंद्रावर विवर शोधल्याबद्दल आपल्या साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. दाजी "थांबा, थांबा" म्हणत राहिले, पण फार जोर लावून नाही. त्यांनाही ते हवं होतं. माणूसच तो.

सभेच्या सकाळी ते दारात उभं राहून फिल्म तिरपी धरून बघत होते. कडं उन्हात चमकलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. फिल्मच्या आत असलेलं काही असं चमकत नाही. दवाखान्याच्या डार्करूममधून आणलेल्या आम्लाचा थेंब त्यांनी कापसाला लावला आणि अलगद फिरवला. विवर पुसलं गेलं. मी बघत उभी होते. माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "बाटलीतलं पाणी कुठं गेलं?"

"डाळीत," मी म्हणाले. आणि मग रडत रडत सगळं सांगितलं.

ते ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी कापूस चुलीत टाकला. मग म्हणाले, "सभेला तुझे सासरे बी येणार हायत ना?" ते सभासद होते, येणारच होते. आणि आमच्याकडं बॅटरीचं पाणी म्हटलं की लोकांना तेजाबच, म्हणजे ॲसिडच, आठवतं. पोरीनं पाहुण्यांना तेजाब पाजलं, ही बातमी त्या दिवशी सभेतून सुटली असती तर लोहाऱ्यापासून लातूरपर्यंत मला कुणी दारात उभं केलं नसतं.

दाजी सभेला गेले. शाल अंगावर घेऊ दिली नाही. माइकसमोर उभं राहून म्हणाले, "विवर न्हाय ते. पाण्याचा डाग हाय. माझी चूक झाली." हशा पिकला. दवाखान्याचे डॉक्टर पुढंच बसलेले. त्यांना दाजींची काटेकोर रीत ठाऊक, म्हणून त्यांनी अचंब्यानं विचारलं, "अहो, पण फिल्म धुतली कुणी?" मी बायकांमध्ये बसले होते. माझे होणारे सासरे तिसऱ्या रांगेत होते. दाजी म्हणाले, "मीच की."

शनीची कडी दिसली नाही तर दिसली म्हणायचं नाही, अशा माणसानं भर सभेत माझ्यासाठी खोटं सांगितलं. माझं लग्न झालं, मास्तरीण झाले, लेकरं झाली. ते डागवाले साहेब झाले. पुढची सोळा वर्षं त्यांनी एकाहून एक चांगले फोटो काढले, गुरूचे चार चंद्र एका ओळीत आणले, शनीची कडीसुद्धा आणली, पण बाजारात हाक एकच, "काय डागवाले, आज काय डाग?" ते हसून पुढं जायचे. माहेरपणाला गेले की मीच विषय काढायचे, आणि ते म्हणायचे, "जाऊ दे गं, डाळ चांगली झाली हुती." मला हे ऐकायला बरं वाटायचं, हेही कबूल करते. लाज वाटते, पण बरं वाटायचं.

हे लिहायच्या आधी मालकांना सांगितलं. सासरे आता नाहीत. मालक म्हणाले, "बाबांनी लग्न मोडलंच असतं." म्हणजे दाजींचा अंदाज बरोबर होता.

गेल्या रविवारी आक्काकडं गेले होते. तिनं दाजींची नोंदवही दाखवली. मी ती कधी उघडून पाहिली नव्हती. दवाखान्यातलं जुनं छापील रजिस्टर ते. रुग्णाचे नाव : चंद्र. रुग्णाचे नाव : गुरू. आक्का आणि मी हसत हसत पानं उलटत गेलो. शेवटी त्यांनी हातानं आखलेला एक रकाना होता, फिल्म कुणी धुतली त्याचा. प्रत्येक ओळीत नाव, कुठं माझं, कुठं त्यांचं. बहात्तरच्या त्या ओळीत तिथी आहे, फोटोला किती वेळ दिला ते आहे, शेऱ्यात 'पाण्याचा डाग' असंही लिहिलेलं आहे. फक्त तेवढा रकाना कोरा. माइकवर त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं होतं, वहीत ते त्यांच्यानं लिहवलं नव्हतं. आणि माझंही लिहिलं नव्हतं.

मी आक्काकडून पेन मागून घेतलं आणि त्या रकान्यात माझं नाव लिहिलं.